बाणापुढचा मजकूर

मुद्रितशोधक म्हणून मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. ही जी सांगतो आहे ती माझी स्वतःची होती, कित्येक वर्षं रोज डोळ्यांसमोर होती, आणि तरी मला सापडली नाही. बायकोला सापडली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे मी काही हुशारी केली असेल अशी कुणाची उगीच समजूत व्हायची.

आमच्या घरात दोन कॉम्प्युटर होते आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. जुना माझा. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, माउस नाही, सगळं आज्ञा टाइप करून चालवायचं. आत मराठी अक्षरांसाठी एक वेगळी पट्टी बसवलेली. नवा म्हणजे मुलीने वापरून सोडलेला लॅपटॉप. त्याच्यावर तिने कुठली तरी फुकट मिळणारी सिस्टिम घातली होती. "बाबा, फुकट आहे म्हणजे हलकी आहे असं समजू नका," असं तिने बजावलं होतं. जुन्याची भाषा नव्याला कळत नव्हती, नव्याच्या खाचांत जुन्याचं काही बसत नव्हतं. जुन्याची फ्लॉपीची खाच कधीच बंद पडली होती. दुरुस्तीवाल्याने डबा उघडून आत टॉर्च मारला आणि झाकण परत लावून टाकलं. "आजोबा, ही डिस्क मी काढेन, पण पुन्हा फिरेल असं सांगणार नाही. चालतेय तोवर आतलं बाहेर काढा." बाहेर काढायला मागच्या बाजूला एकच वाट उरली होती. नऊ सुयांची सीरियल केबल लावायची ती जागा.

आत काय होतं ते सांगतो. अकरा हजार चारशे शब्द. बायको शाळेत हस्तकला शिकवायची. शाळा सुटली की कापडी पिशवी घेऊन ती सुताराकडे, चांभाराकडे, पत्र्याचे डबे करणाऱ्याकडे, बुकबाइंडरकडे, कुलपं दुरुस्त करणाऱ्याकडे जायची, एखादं हत्यार उचलायची आणि विचारायची, "याला तुम्ही काय म्हणता?" मग ते चिठ्ठीवर लिहून आणायची. एकोणीस वर्षं तिने हे केलं. टाइप करायचं काम माझं. मी तिच्याबरोबर कधी आत गेलो नाही. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी पहिला शब्दच विसरतो. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून तिची वाट बघायचो. एकदा एका कुलूपवाल्याने मला पाळतीवरचा माणूस समजून हटकलं होतं. ती गोष्ट बायको अजून पाहुण्यांना सांगते.

आता या घरात जिना चढून आल्यावर तिचा गुडघा तासभर धरतो. पिशवी दाराच्या मागे टांगलेली आहे. शब्द मात्र सगळे त्या डब्यात होते, आणि त्या डब्यातून महिनाभर "कर्र, टक, कर्र, टक" असा आवाज येत होता. तीनदा चालू करावा तेव्हा एकदा चालू व्हायचा.

केबल करायला बायकोने तिच्या धाकट्या भावाला बोलावलं. तो टेलिफोन एक्सचेंजमध्ये फिटर होता. काम करताना एकाच सुरात गुणगुणतो म्हणून घरात सगळे त्याला डायलटोन म्हणतात. त्याला त्याचा राग नाही. "निदान लाइन चालू आहे एवढं तरी लोकांना कळतं," तो म्हणतो.

पहिल्या दिवशी दुपारी तो डाग द्यायचा कय्या की काय म्हणतात तो, म्हणजे सोल्डरिंगचं हत्यार, आणि जाड भिंगाचा चष्मा घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने दोन्ही टोकांना नऊ-नऊ सुयांचे जोड लावले. काम देखणं होतं. प्रत्येक डाग मोहरीएवढा, गोल. मुलीने लॅपटॉपसाठी एक चिमुकली डबी पाठवली होती. तिच्यात केबलचं एक टोक गेलं, दुसरं जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीत. मुलगी फोनवर होती. तिने सांगितलं तसं मी जुन्यावर एक ओळ टाइप केली आणि ती पाठवायची आज्ञा दिली.

नव्यावर काहीच आलं नाही.

पुन्हा पाठवलं. काही नाही. केबल काढून फुंकर मारून लावली. काही नाही.

"भावोजी, तुम्ही नीट टाइप केलंत ना?" डायलटोनने विचारलं.

मला लगेच वाटलं, की नसणार केलं. मी तीन वेळा अक्षरं तपासली.

"त्यांना कशाला विचारतोस?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "ते स्वतःच्या नावात पण काना-मात्रा तपासतात. तुझी तार बघ."

"ताई, तार रंगाला रंग जोडलीय. लाल तिथे लाल, पिवळी तिथे पिवळी. छत्तीस वर्षांत माझा एक रंग चुकलेला नाही."

फोनमधून मुलीचा आवाज आला. "मामा, तिथेच चुकलंय. दोन नंबर आणि तीन नंबर उलटे लावायचे. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला."

"उलटे? मुद्दाम?"

"आत्ता काय झालंय, दोघांच्या तोंडाला तोंड लावलंयत आणि कानाला कान."

डायलटोनचं गुणगुणणं थांबलं. "टेलिफोनला असं चालत नाही गं."

"टेलिफोनच्या मध्ये तुमचं एक्सचेंज असतं, मामा. ते करतं अदलाबदल. इथे मध्ये कुणीच नाहीये."

त्याने बराच वेळ आपल्या त्या मोहरीएवढ्या डागांकडे पाहिलं. मग हत्यार पुन्हा तापवलं. लाल तार पिवळीच्या जागी नेताना त्याने मान दुसरीकडे वळवली होती. नंतर झालेला तो डाग काही देखणा नव्हता.

तोवर जुना डबा तापला होता. मी तो बंद केला. तो दिवस एवढ्यावरच संपला.

दुसऱ्या दिवशी तो चौथ्या प्रयत्नात चालू झाला. मी ओळ पाठवली आणि नव्या पडद्यावर ती उमटली. इंग्रजी अक्षरं होती, एक ते दहा आकडे होते. डायलटोनने टेबलावर थाप मारली. मग मी मराठी ओळ पाठवली, आणि पडद्यावर प्रश्नचिन्हं, कंस, टोप्या घातलेली अक्षरं, असा सगळा उकिरडा आला.

"हे तर माझ्या डॉक्टरचं अक्षर," बायको म्हणाली.

मुलीने फोनवरून समजावलं ते मला असं कळलं: एक अक्षर पाठवायला जुना सात खुणा वापरत होता आणि मराठी अक्षराला आठ लागतात. आठवी खूण वाटेत गळत होती. जुन्याला आठ वापरायला सांगितलं. मग मराठी आलं, पण मधली अक्षरं गायब. डायलटोनच्या केबलमध्ये तीनच तारा होत्या, त्यामुळे "जरा थांब" असं एकाने दुसऱ्याला सांगायची सोय नव्हती. जुना भरभर ओतायचा आणि नव्याच्या हातून सांडायचं. मग वेग कमी केला, पुन्हा कमी केला, शेवटी सेकंदाला शंभर-सव्वाशे अक्षरांवर आल्यावर सांडणं थांबलं. हे सगळं एका दमात लिहिलं, पण त्यात तीन तास गेले. मधे दोनदा डबा आपोआप बंद पडला. डायलटोनचं गुणगुणणं केव्हाच बंद झालं होतं. माझे डोळे चुरचुरत होते.

आमचा कोश अक्षरवार फायलींत होता. अ ची एक, आ ची एक, असं. मी अ ची फाइल पाठवली. अर्ध्या मिनिटात जुन्याने सांगितलं, की एक फाइल गेली. मुलीने दिलेल्या एका छोट्या प्रोग्रामने जुनी अक्षरं नव्यात उलगडली. अकरा शब्द आले होते.

अ मध्ये साडेतीनशे शब्द होते.

आ पाठवली. सात शब्द. क पाठवली. क मध्ये हजारावर शब्द, त्यातले चोवीस आले. ग चंही तसंच. दर वेळी जुना म्हणायचा, एक फाइल गेली. त्याच्या दृष्टीने काम पुरं झालेलं असायचं. चूक झाली म्हणून तक्रार केली असती तर निदान शोधता आलं असतं.

"केबल आहे का अजून खराब?" मी विचारलं.

"केबलला काही झालेलं नाही," डायलटोन म्हणाला. या वेळी त्याचा आवाज चढला. "तुमची डिस्कच गेलीय. पुढचं तिच्यावर उरलेलंच नाही."

मी क ची फाइल जुन्याच्याच पडद्यावर उघडली. सगळे शब्द होते तिथे. डबा कर्र करत होता, पण दाखवत होता. म्हणजे दिसत होतं, फक्त येत नव्हतं. मुलगीही बुचकळ्यात पडली. "बाबा, मला जरा वाचायला हवं. मला मीटिंग आहे. उद्या बघू."

डायलटोन खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत बसला. बायको पदराला हात पुसत आली आणि समोर बसली.

"जाऊ दे हो," ती म्हणाली. किती साधेपणाने म्हणाली. "किती मरमर करायची. नाही जमलं तर नाही. चिठ्ठ्यांची खोकी आहेत ना पोरीकडे माळ्यावर? ती मागवू. पुन्हा टाइप करा बसून. तुम्हाला दुसरं काय काम आहे?"

मी केबलचं टोक उगीच काढून पुन्हा लावलं.

"मीच सांगते तिला, पुढच्या खेपेला गाडीत टाकून आण म्हणून." तिने फोन उचलला.

"खोकी नाहीत," मी म्हणालो.

हे मला खरं तर गाळायचं होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही मोठं घर सोडून या घरात आलो तेव्हा बायको गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होती. सामान मी हलवलं. चिठ्ठ्यांची सव्वीस खोकी, चपलांच्या दुकानातून आणलेली, पोटमाळ्यावर होती. हमाल चार मजले चढून-उतरून वैतागला होता, खाली गाडीवाला हॉर्न देत होता. मी म्हणालो, वर अजून थोडं आहे. तो म्हणाला, "अजून? आधी का नाही सांगितलंत?" एवढंच म्हणाला. आणि मी म्हणालो, "राहू द्या." दुसऱ्या दिवशी जाऊन आणू असं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्या घरात आलेल्या नव्या माणसांनी माळा साफ करून सगळं रद्दीत घातलं होतं. मी बायकोला सांगितलं, खोकी पोरीकडे ठेवली. पोरीला सांगितलं, आईने विचारलं तर हो म्हण. शेवटी सगळं कॉम्प्युटरमध्ये होतंच, असं मी स्वतःची समजूत घालत होतो.

हे सगळं मी त्या दोघांसमोर सांगितलं. फार वाईट सांगितलं, मागचं पुढे आणि पुढचं मागे.

डायलटोन उठून गॅलरीत गेला.

बायकोने फोन टेबलावर पालथा ठेवला. "हमालाला घाबरलात," ती म्हणाली.

"हो."

"हमालाला." तिने पुन्हा म्हटलं, जणू तो शब्द चिठ्ठीवर उतरवून घेत होती. मग विचारलं, "आणि मला? दोन वर्षं? मला घाबरत नव्हतात?"

"तुला जास्त."

ती हसली नाही. उठली, भावासाठी चहा टाकला, मला दिला नाही. संध्याकाळी आम्ही जेवलो तेव्हा तिने फक्त मीठ मागितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ती नव्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. चष्म्यावर चष्मा लावल्यासारखी मान पुढे घातली होती. आलेले तुकडे वाचत होती. जे गेलं ते मोजण्यापेक्षा आलंय ते तरी बघावं, असं असेल. मी दाराशी उभा राहिलो.

"उभे काय राहताय? मी कुलूपवाला नाही, हटकणार नाही," ती मान न वळवता म्हणाली. "इकडे या. अ कुठे तुटलाय बघा. अडणा. अडणा म्हणजे काय लिहिलं होतं मी चिठ्ठीवर?"

"अडणा म्हणजे अडसर. म्हणून तिथे अडसर पाहा, असं होतं."

"आ मध्ये शेवटचं काय आलंय? आरी. चांभाराची आरी. तिच्यापुढे?"

"टोच्या पाहा."

"ग मध्ये गिरमिट. सुतार भोक पाडतो ते. तिच्यापुढे?"

"सामता पाहा."

"प्रत्येक फाइल पहिल्या 'पाहा'शी तुटतेय," ती म्हणाली. "पण तुम्ही 'पाहा' लिहितच नव्हतात. तुम्ही बाण काढत होतात."

बाण. त्याचं मला किती कौतुक होतं! मुद्रितं तपासताना एखादी ओळ दुसरीकडे न्यायची असली की आम्ही बाण काढायचो. कोश टाइप करताना दर वेळी 'पाहा' लिहिण्यापेक्षा बाण सुटसुटीत दिसेल असं मला वाटलं. कीबोर्डवर बाणाची खूण नव्हती. मी एका पुस्तकातून शोधून काढलं, की एक कळ दाबून धरून सव्वीस आकडा टाइप केला की बाण उमटतो. त्या दिवशी मी बायकोला हाक मारून तो दाखवला होता. ती तेव्हाच म्हणाली होती, "सरळ 'पाहा' लिहा की. बाण बघून सुताराला काय कळणार?" मी तिला छपाईची शिस्त समजावून सांगितली होती. चांगली पंधरा मिनिटं.

मुलीला फोन लावला. मी "सव्वीस" म्हणालो आणि तिने मला तिथेच थांबवलं.

"बाबा, जुन्या सिस्टिममध्ये सव्वीस म्हणजे 'मजकूर संपला' अशी खूण असते."

"पण पडद्यावर तर बाण दिसतो."

"दिसतो बाण. पण केबलमधून पाठवताना त्याला वाटतं, इथे संपलं. तो प्रामाणिकपणे थांबतो. तुम्ही असे किती बाण घातलेत?"

"दोन हजार तरी असतील."

"म्हणजे दोन हजार ठिकाणी 'संपलं' लिहून ठेवलंयत," माझी मुलगी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. मागून बायकोने विचारलं, "काय म्हणतेय?" मी सांगितलं. बायको म्हणाली, "पंधरा मिनिटं शिस्त शिकवत होते मला."

उपाय अगदी छोटा होता. पाठवायच्या आज्ञेत एक तिरकी रेघ आणि एक अक्षर जास्त घालायचं. त्याने जुन्याला कळतं, की वाचू नकोस, अर्थ लावू नकोस, जे आहे ते पुढे सरकव. तीन दिवसांचा घोळ एका अक्षराचा होता. आम्हा मुद्रितशोधकांना याची सवय असते. मी खुर्ची ओढून घेतली आणि ती आज्ञा कागदावर उतरवून घेतली.

डायलटोन दुपारी आला. बायकोनेच त्याला बोलावलं होतं. डबा सातव्या प्रयत्नात चालू झाला, तोही त्याने बाजूला एक हलकी चापट मारल्यावर. "एक्सचेंजमध्ये हे अधिकृत होतं," तो म्हणाला.

"कुठून सुरुवात?" त्याने विचारलं.

"अ पासून," मी म्हणालो. दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं, पण बोलली नाही.

अ आली. पूर्ण आली. साडेतीनशे शब्द, आणि अडण्यापुढे बाण, बाणापुढे अडसर. डायलटोन गुणगुणायला लागला. त्या वेगाने सगळं यायला चार तास लागणार होते. आम्ही पंखा कॉम्प्युटरकडे वळवला आणि स्वतः घाम पुसत बसलो. एक फाइल गेली की मी दुसरी आज्ञा टाइप करायचो. बायको नव्या पडद्यासमोर होती आणि आलेलं वाचत होती. मधेच एखादा शब्द मोठ्याने म्हणायची. "ओळंबा. तो गवंडी आठवतो? दोरी हातात धरून माझ्याशी अर्धा तास बोलला आणि भिंत तशीच." किंवा, "कानस. सांगणारा तर कधीच गेला." तिचा आवाज माझ्यासाठी नव्हता, पण मी ऐकत होतो तेही तिला माहीत होतं.

क ला जवळजवळ पंचवीस मिनिटं लागली. प च्या वेळी डबा ओरडायला लागला. म गेला. र गेला. व ला तीनदा अडखळला आणि गेला. साडेपाच वाजले असतील. श नंतर मी स ची फाइल पाठवायला घेतली. स आमचा सगळ्यात मोठा.

नऊ-दहा मिनिटं ओळी येत राहिल्या. मग डब्यातून दगडावर काच घासावी तसा आवाज झाला, आणि पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली. वाचता येत नाही. रद्द करू, पुन्हा करू, की सोडून देऊ?

"पुन्हा," बायको म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. मी किती वेळा ती कळ दाबली ते मला आठवत नाही. शेवटी डायलटोनने माझा हात धरून बाजूला केला. "भावोजी, लाइन डेड आहे," तो हळू म्हणाला. त्याने डबा बंद केला, थंड होऊ दिला, चापट मारली, दोनदा, पाचदा. डबा चालू झाला नाही. नंतरही कधी झाला नाही.

नव्या पडद्यावर शेवटची ओळ अशी होती: सामता, भोक पाडण्याचं सुता

तिथेच. 'सुताराचं' मधला रा सुद्धा नाही. गिरमिटापुढचा माझा बाण या सामत्याकडे बोट दाखवत होता, आणि सामता अर्धाच आला होता. त्याच्यानंतरचा सगळा स आणि ह गेला. माझ्या हिशेबाने आठशे-नऊशे शब्द.

बायकोने ती ओळ पुन्हा वाचली.

"मोठं आधी उचलायचं असतं," ती म्हणाली. "घर बदलताना सुद्धा कपाट आधी नेतात."

"मला सुचलं नाही."

"मला सुचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्याशी बोलत नव्हते ना मी," ती म्हणाली. मग ती खुर्चीत मागे टेकली, आणि एकदम म्हातारी दिसली. मला वाटतं, मीही दिसलो असणार. डायलटोनने केबल काढून गुंडाळली, तिला दोन ठिकाणी दोरा बांधला आणि टेबलावर ठेवली. जाताना तो दारात थांबला. "ताई, दहा हजारांवर आले की गं. आमच्या एक्सचेंजमध्ये एवढे फोन नव्हते."

तो गेल्यावर तिने वही काढली. आम्ही आठवायला बसलो. सुई. सुतळी. साल. सुंभ. सूत. हातोडी. हातरहाटात अडलो, तो लिहिला होता की नव्हता यावर वाद झाला. अठ्ठेचाळीस शब्दांवर आम्ही दोघंही थांबलो. शब्द आठवत होते, पण कुणी काय सांगितलं होतं ते तिलाही आठवेना.

तिने दाराच्या मागची पिशवी काढली, झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"मला जिना जमत नाही," ती म्हणाली. "कोपऱ्यावर ती सुताराची वखार आहे. जुन्यापैकी तेवढा एकच राहिलाय, आणि तो जवळ आहे. सामत्यापासून सुरू करा."

"मी?"

"बाण पाठवता का त्याच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी वखारीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. सवयीने. वीस मिनिटं तरी उभा असेन. आत करवतीचं यंत्र किंचाळत होतं, भुसा दारापर्यंत आला होता. माझ्यापेक्षा थोडा लहान असा एक माणूस, भुवयांवर भुसा, फळी पुढे सरकवत होता. मी वर पाहिलं. आमच्या खिडकीत बायको उभी होती. तिने हात केला नाही. नुसती उभी होती.

मी रस्ता ओलांडला. यंत्र थांबेपर्यंत दारात उभा राहिलो. ते थांबलं तेव्हा झालेली शांतता मला यंत्रापेक्षा वाईट वाटली.

"बोला काका. माप आणलंय?"

"नाही. मला... एक शब्द हवाय. म्हणजे हत्यार नकोय. नाव माहीत आहे. त्याचं पुढचं हवंय. सामता."

त्याने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "सामता? दोरी ओढून फिरवायचा तो आता कोण वापरतं. माझ्या बापाचा आहे वर कुठेतरी." मग त्याने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "ही पिशवी बाईंची ना? शाळेतल्या? त्या नाही आल्या?"

"त्यांना जिना जमत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी त्यांचा... मी टाइप करायचो."

"अच्छा. रस्त्यापलीकडे उभे राहणारे ते तुम्ही," तो म्हणाला, आणि स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

घरी आलो तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. चिठ्ठ्या नऊ झाल्या होत्या. बायकोने त्या एकेक करून उजेडात धरून वाचल्या. कुठे बाण आहे का ते बघत होती. नव्हता. प्रत्येक ठिकाणी मी 'पाहा' लिहिलं होतं, पूर्ण.

"सामत्याची दोरी कशाची असते ते नाही विचारलंत?" तिने विचारलं.

मी विचारलं नव्हतं.

"मग उद्या परत जा," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.